चि. सईस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, मी परत लावला नाही. पुन्हा आवाज चढला असता.

मेसला पंधराशेऐवजी पंधरा हजार गेले. चौथ्या दिवशी परतही आले, पैशाचं काही नाही. पण ते चार दिवस तू काय खाल्लंस? किराणा दुकानदाराची पोर बिस्किटांवर राहते आणि घरी कळवत नाही, हे मला सोसत नाही.

पैसे पाठवण्याआधी रक्कम मोठ्याने वाचत जा. शून्यांवर बोट ठेव. गाडी २०:३५ची असेल तर ती रात्री साडेआठनंतरची, दहा पस्तीसची नव्हे. मागच्या दिवाळीत... असो. लागलो शिकवायला. रागावू नकोस.

तुला आठवतं? गल्ल्याशेजारी साखरेच्या पोत्यावर बसून तू आकडे काढायचीस. ‘त्रेपन्न’ म्हटलं की ३५. मी चापट मारायचो. तीन आधी ऐकू यायचा, म्हणून तू तीन आधी लिहायचीस. एवढं मला कळायला हवं होतं. २०१९ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात त्रेपन्नशेजारी ‘पन्नास तीन’ छापलं, तेव्हा दुकानात आम्ही सगळे हसलो. तू वजनकाट्यापाशी उभी होतीस. हसली नाहीस.

त्याच वर्षी बाईंनी तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं होतं. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे समजायला जड जाणं, हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दाखला मिळाला असता तर दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित घेता आलं असतं. ‘आमच्या घरात कोणी मतिमंद नाही,’ असं मी त्यांना तुझ्यासमोर म्हणालो. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू मात्र बोलत होतीस, पाढे म्हणून दाखवत होतीस. ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

काल तू म्हणालीस, ‘सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता.’ खरं आहे. ओरडलो असतो. तरी सांग. उपाशी राहू नकोस.

मंगळवारी सकाळी रेडिओवर तुझा आवाज लागला. ‘सात वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली आहेत.’ मी घड्याळाकडे पाहिलं. बरोब्बर एकोणपन्नास. गिऱ्हाईक डाळ मागत होतं, माझ्या हातून माप उचललं जाईना. वेळ आधी अक्षरात लिहून ठेवतेस, हे आईकडून कळलं. मला का नाही सांगितलंस?

आज रात्री जेवलीस की आईला कळव. मला नको हवं तर.

तुझे,
बाबा