न मावळणारा चंद्र

ट्रॉम्सो, नॉर्वे
२२ जानेवारी

प्रिय आई,

प्रभूच्या नावात सलाम. धाकट्याला आणि सूनबाईला आशीर्वाद, पोरांना पापे.

काल सूर्य दिसला. दुपारी बाराच्या आसपास दक्षिणेकडच्या डोंगरांच्या खाचेत आधी नारिंगी कड आली. मग पाच-सात मिनिटं समोरच्या भिंतीवर खरंखुरं ऊन पडलं. मी त्या भिंतीवर हात ठेवून उभी राहिले. भिंत गारच होती, पण हात काढवेना. पंचांगाच्या हिशेबाने तो १५ जानेवारीच्या सुमारासच क्षितिजावर येतो, पण मध्ये डोंगर आहेत म्हणून गावाला २१ तारखेपर्यंत वाट पाहावी लागते. त्या दिवशी घरोघरी आत जॅम भरलेले गोल पाव खातात. त्यांना इथे सूलबोलर म्हणतात, म्हणजे सूर्याचे पाव. मी काम करते त्या वृद्धाश्रमातही आले होते. मी दोन खाल्ले, एक पप्पांच्या नावाने.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, जेवलीस का, झोप लागते का, आणि मी हो म्हणते. ते सगळंच खरं नव्हतं, आई. फोनवर तुझा आवाज भरून आला की माझं बोलणं तिथेच थांबतं, म्हणून हे कागदावर लिहिते आहे.

सप्टेंबरात पप्पा प्रभूकडे गेले. मी कितीही धावत आले असते तरी दफनविधीला पोचले नसते. धाकट्याने मोबाइल धरला होता आणि मी इथल्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बघत होते. पाळकसाहेबांनी मूठभर माती उचलली आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. ती मूठ तशीच हवेत राहिली. पुढे कित्येक आठवडे प्रार्थनेला डोळे मिटले की तीच मूठ समोर यायची. मग मी डोळे मिटणंच सोडलं. रविवारी मंडळीत जायची, उभी राहायची, बसायची, परत यायची. तुझ्यापासून हे लपवलं, त्याची क्षमा कर.

त्यात नोव्हेंबर आला आणि सूर्य उगवेनासा झाला. तू समजतेस तसा इथे मिट्ट काळोख नसतो. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो, पहाटे अंगण सारवायला उठल्यावर असायचा तसा. फक्त त्या पहाटेनंतर सकाळ होत नाही, थेट रात्र होते.

आणि मला पहिला दिलासा दिला तो चंद्राने. डिसेंबरातल्या पौर्णिमेला रात्रपाळी करून बाहेर पडले तर चंद्र आकाशात होता. घरी येऊन झोपले, दुपारी उठले, तो होताच. संध्याकाळी कामाला निघाले, तरी होता. तीन दिवस मी पाहत राहिले, तो मावळलाच नाही. आकाशात गोल फिरत राहिला आणि खालचा सगळा बर्फ दुधासारखा उजळला. सोबत काम करणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक वर्षी असंच असतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो ना, म्हणून हिवाळ्यात सूर्य जितका खाली जातो, तितका हा वर चढतो. इतक्या उत्तरेला तर ज्या दिवसांत सूर्य उगवत नाही, साधारण त्याच दिवसांत पौर्णिमेचा चंद्र मावळत नाही.

आई, आपल्याकडेही तो हिवाळ्यात असाच वर चढतो! मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र थेट डोक्यावर यायचा. रात्रीची लाईट असली की पप्पा गव्हाला पाणी धरायला जायचे आणि मी डबा घेऊन मागे. बॅटरी ते बंदच ठेवायचे. म्हणायचे, देवाने दिवा लावलाय, आपली बॅटरी कशाला जाळायची? आणि सारं फोडता फोडता १३९वं स्तोत्र म्हणायचे, अंधारसुद्धा तुझ्यापासून काही लपवत नाही, तुला रात्रही दिवसासारखीच. मी तेव्हा पेंगत असायची. त्या रात्री इथे बर्फात उभी राहून मी ते स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. डोळे उघडे ठेवून. इतक्या दिवसांत माझ्या तोंडून निघालेली ती पहिली प्रार्थना.

नाताळच्या आदल्या दिवशी इथली माणसं कब्रस्तानात जातात आणि प्रत्येक कबरीवर बर्फात मेणबत्ती लावतात. मीही एक घेऊन गेले. आपलं कोणी तिथे नाही, म्हणून फाटकाजवळ बर्फात खळगा करून लावली. एक म्हातारे गृहस्थ थांबले, वाऱ्याला आडोसा म्हणून बाजूने बर्फ रचून दिला आणि टोपी काढून क्षणभर उभे राहिले. कोणासाठी, एवढंही विचारलं नाही.

आणखी एक. नाताळात इथे पक्ष्यांसाठी ओटची पेंढी दाराशी टांगतात, कणसांसकट. तिला यूलेनेक म्हणतात. पाहिल्याबरोबर मला आपली ओसरी आठवली, चिमण्यांसाठी बांधलेली ज्वारीची कणसं आठवली. आमच्या पेंढीवर पिवळ्या पोटाचे, काळ्या डोक्याचे, चिमणीएवढे पक्षी येतात. बाहेर उणे दहा अंश असतानाही येतात.

माझ्या वॉर्डात एक आजी आहेत. १९४४ साली जर्मन सैन्याने माघार घेताना फिनमार्क या उत्तरेकडच्या प्रांतातली गावंच्या गावं जाळली आणि माणसांना बळजबरीने हलवलं. त्या तेव्हा आठ वर्षांच्या, बोटीतून इथे आल्या. रोज मला विचारतात, सूर्याला किती दिवस राहिले? एकदा म्हणाल्या, बर्चची एक फांदी तोडून आण. मी आणली. माझ्या दृष्टीने वाळकी काडी. त्यांनी थरथरत्या बोटाने एकेक कळी दाखवली. ह्या आता धरलेल्या नाहीत, म्हणाल्या, गेल्या उन्हाळ्यातच तयार झाल्यात, सगळा हिवाळा अशाच मिटून बसतात. फांदी पाण्यात घालून त्यांच्या खिडकीत ठेवली. काल सूर्य येण्याआधी, परवाच, तिला हिरवी टोकं फुटली. आजींनी मला हाक मारून दाखवली आणि मी त्यांच्या पलंगाशी बसून रडले. चांगलं रडले, आई. सप्टेंबरपासून असं रडले नव्हते.

पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलं ना, की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. मी ते 'शोक करू नका' असंच वाचत आले होते आणि मला रडू येतं म्हणजे माझा विश्वास कमी, असं समजत होते. त्याने शोक नको असं म्हटलेलंच नाही. लाजरच्या कबरीपाशी प्रभू स्वतः रडला, तेही पुढच्या घटकेला त्याला उठवणार हे ठाऊक असताना. तेव्हा तूही रडू आलं तर पदर तोंडात कोंबू नकोस. धाकट्यासमोर रड. त्यालाही रडायचं असेल.

पप्पांच्या कबरीवर अजून सिमेंट घालू नका. पावसाळ्यापर्यंत माती दबू द्या. उशाशी मोगरा लावला तर बघ. आणि ज्वारी काढली की चार कणसं ओसरीला बांध, या वर्षी ती बांधायला पप्पा नाहीत म्हणून राहायला नकोत.

ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानातल्या उपासनेला गेलीस की मला फोन लाव. तुझ्याकडे पाच वाजलेले असतील, माझ्याकडे रात्रीचा दीड. मी जागी असेन. या वेळी मोबाइल धाकट्याकडे देऊ नकोस, तू धर. चित्र अडकलं तरी चालेल, गाणं ऐकू आलं पाहिजे.

तुझी,
थोरली