बाप्तिस्म्यापूर्वीची वाट

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले काही आठवडे आपल्या दैनिकात धर्मांतर या विषयावर वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. त्यांतील बहुतेक पत्रांत, लेखकाची बाजू कोणतीही असो, एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. कोणी तरी बोलावले, कोणी तरी गेले, डोक्यावर पाणी पडले आणि माणूस ख्रिस्ती झाला, असे सगळे एका दिवसात उरकते, हा तो समज. विरोध करणाऱ्यांना त्यात आमिष दिसते, बाजू घेणाऱ्यांना चमत्कार दिसतो. आरंभीच्या शतकांतील माणसे श्रद्धेपर्यंत आणि बाप्तिस्म्यापर्यंत कशी पोहोचली याविषयी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या समकालीनांनी जे लिहून ठेवले आहे, त्यापुढे हे दोन्ही समज टिकत नाहीत. मी बेळगावातला मराठी ख्रिस्ती, निवृत्त शिक्षक आहे आणि हा विषय माझ्या घरातला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अगदी पहिल्या पिढीत बाप्तिस्मा तत्काळ दिला जात असे, हे खरे आहे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेंटेकॉस्ट या यहुदी सणाच्या एका दिवशी सुमारे तीन हजार माणसे मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, आली असे म्हटले आहे. गाझ्याच्या वाटेवर रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचणारा हबशी अधिकारी पाणी दिसताच रथ थांबवायला सांगतो. फिलिप्पै येथील तुरुंगाधिकाऱ्याला तर त्याच रात्री, घरच्यांसह बाप्तिस्मा मिळतो. परंतु ही माणसे कोण होती, हे पाहिले पाहिजे. यरुशलेमेतील तो समुदाय सणासाठी जमलेल्या यहुदी लोकांचा होता. हबशी अधिकारी यरुशलेमेला उपासनेसाठी जाऊन परत निघालेला होता. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया शब्बाथाच्या दिवशी नदीकाठच्या प्रार्थनास्थळी बसलेली असताना पौलाला भेटली. एकच देव, त्याचे नियमशास्त्र, संदेष्ट्यांची वचने, प्रार्थना, दानधर्म हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते आणि येशू हाच तो अभिषिक्त, म्हणजे ख्रिस्त, एवढे एकच नवे विधान त्यांच्यापुढे ठेवले गेले. तुरुंगाधिकारी हा यात अपवाद म्हणावा लागेल. तरी त्यालाही आणि त्याच्या घरच्यांनाही आधी वचन सांगितले गेले, अशी नोंद तिथेच आहे.

पुढे जेव्हा यहुदी परंपरेशी काहीच संबंध नसलेली ग्रीक आणि रोमन माणसे येऊ लागली, तेव्हा मंडळीने आपली पावले आवरती घेतली. ‘दिदाखे’ नावाचे एक छोटे, फार प्राचीन पुस्तक आहे. त्यात बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड पाणी चालत नसेल तर कोमट पाण्यात, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे, अशी व्यवहारी सूचना आहे. त्याला जोडूनच असे सांगितले आहे की घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही आधी उपवास करावा, आणि घेणाऱ्याने तर एक-दोन दिवस अगोदरपासून करावा.

दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक युस्तिन याचा प्रवास त्याने स्वतः सांगितला आहे. शोमरोन प्रांतात, आज नाब्लुस म्हणतात त्या गावी जन्मलेला हा मनुष्य सत्याच्या शोधात एका गुरूकडून दुसऱ्याकडे जात राहिला. स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाच्या गुरूकडे देवाविषयी काही हाती लागले नाही. दुसऱ्याने थोड्याच दिवसांत फी ठरवण्याची गोष्ट काढली. तिसऱ्याने आधी संगीत, खगोलशास्त्र आणि भूमिती शिकून ये म्हणून परत पाठवले. प्लेटोच्या मतात मन रमू लागले असतानाच समुद्रकाठच्या एकांतात त्याला एक वृद्ध भेटला आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारून त्याने युस्तिनला संदेष्ट्यांच्या ग्रंथांकडे वळवले. ख्रिस्ती लोक मरणाला भीत नाहीत हे आपण डोळ्यांनी पाहिले आणि अशी माणसे दुराचारी असणे शक्य नाही असे आपल्याला वाटले, हेही तो दुसऱ्या एका ठिकाणी लिहितो. ज्यांची खात्री पटते आणि जे त्याप्रमाणे जगण्याचे वचन देतात, त्यांना उपवास आणि प्रार्थना शिकवली जाते, आम्हीही त्यांच्याबरोबर उपवास करतो आणि मग त्यांना पाण्याजवळ नेतो, असा क्रमही त्याने नोंदवला आहे.

रोमचा प्राचीन धर्मगुरू हिप्पोलितस याच्या नावावर चालत आलेल्या नियमग्रंथात तर वचन ऐकण्याचा काळ तीन वर्षांचा ठरवलेला आहे. या ग्रंथाचा कर्ता आणि काळ यांविषयी विद्वानांत वाद आहेत, पण शिस्तीचे चित्र स्पष्ट आहे. नव्या माणसाला प्रथम कोणी आणले, ते त्याच्याविषयी काय ग्वाही देतात, तो कोणाचा दास आहे काय, त्याचा धंदा कोणता, असे विचारले जाई. मूर्ती घडवणारा, रंगभूमीवर काम करणारा, आखाड्यात माणसांशी झुंजणारा यांनी तो धंदा सोडावा, नाही तर परत जावे. मुलांना शिकवणाऱ्याने ते थांबवलेले बरे, पण दुसरा धंदा येत नसेल तर त्याला मुभा द्यावी, असे एक वाक्य त्यात आहे. सारा जन्म फळ्यापुढे घालवलेल्या माझ्यासारख्याला तिथे थांबून विचार करावा लागला, कारण त्या काळची शाळा म्हणजे देवदेवतांच्या कथांचीच शाळा होती. तीन वर्षांनंतरही एकदा चौकशी होई: या माणसाने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांची विचारपूस केली का? मग कोंबडा आरवण्याच्या वेळी पाण्यावर प्रार्थना होई. आधी मुले, नंतर पुरुष आणि शेवटी दागिने उतरवून केस मोकळे सोडलेल्या स्त्रिया पाण्यात उतरत, आणि तीन प्रश्नांना “माझा विश्वास आहे” असे तीनदा उत्तर दिल्यावर तीनदा बाप्तिस्मा होई. त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनात त्यांना दूध आणि मध मिळे.

इतक्या सावकाशीने येणाऱ्यांना काय सोसावे लागे, हे उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या पर्पेतुआने तुरुंगात लिहिलेल्या टिपणांत दिसते. ते वर्ष २०३. ती सुमारे बावीस वर्षांची, अंगावर पिणारे मूल असलेली, चांगल्या घरची स्त्री. बाप्तिस्म्यापूर्वीचे शिक्षण चालू असतानाच तिला पकडण्यात आले आणि पहाऱ्यात असतानाच तिचा बाप्तिस्मा झाला. वडील समजवायला आले तेव्हा तिने जवळचे एक भांडे दाखवून विचारले, “या भांड्याला भांड्यावाचून दुसरे नाव देता येईल का?” आणि म्हणाली, “मग मीही जी आहे, म्हणजे ख्रिस्ती, तिच्यावाचून दुसरे काही म्हणवून घेऊ शकत नाही.” पुढच्या भेटीत तोच बाप तिच्या हातांचे मुके घेत पायांशी पडला आणि रडत रडत तिला मुलगी न म्हणता बाईसाहेब म्हणू लागला. या सगळ्या साहित्यात मला हा प्रसंग सर्वांत जड वाटतो, कारण तिने वडिलांचे दुःख झाकलेले नाही. त्यांच्या म्हातारपणाचे वाईट वाटले, असे तिने स्पष्ट लिहिले आहे. धर्मांतरात कुटुंबाची बाजू कोणी पाहत नाही, अशी तक्रार आपल्या एका पत्रलेखकाने केली आहे. ती बाजू इतक्या सच्चेपणाने मांडणारी व्यक्ती स्वतःच धर्मांतर केलेली होती, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

३१३ सालानंतर ख्रिस्ती धर्माला रोमन सम्राटाचा राजाश्रय मिळाला आणि लाभासाठी येणारेही आले, हे मी नाकारत नाही. यरुशलेमेचा बिशप सिरिल याने ३५० च्या सुमारास बाप्तिस्म्यासाठी नाव नोंदवलेल्यांना पहिल्याच प्रवचनात सांगितले की, तुमच्यापैकी कोणी एखाद्या स्त्रीला खूश करण्यासाठी आला असेल, कोणी मालकासाठी, कोणी मित्रासाठी. तरी तो अशांना हाकलत नाही. हेतू वाईट असला तरी आता आला आहेस तर हेतू बदल, असे तो सांगतो, आणि शरीर पाण्यात बुडून हृदय कोरडे राहिलेल्या शिमोन जादूगाराचे उदाहरण देतो. त्याच शतकाच्या अखेरीस यरुशलेमेला गेलेली यात्रेकरू एगेरिया हिने पाहिले की, बिशप एकेका उमेदवाराच्या शेजाऱ्यांना बोलावून, हा आईवडिलांशी नीट वागतो का, दारू पितो का, अशी चौकशी करत असे. आपल्याकडे सोयरीक जुळवताना करतात तशीच ही चौकशी होती, आणि ओळखीचा साक्षीदार नसलेल्या परगावच्या माणसाला बाप्तिस्मा सहजी मिळत नसे.

आता बेळगावची गोष्ट. इथे लंडन मिशन या इंग्रज ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे काम १८२० साली सुरू झाले. या गावात १८३१ साली कासार समाजात बाबा पदमनजी जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले, पुढे मुंबईस गेले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो बेळगावातच. मराठीतील आद्य कादंबरी मानल्या जाणाऱ्या ‘यमुनापर्यटन’चे लेखक म्हणून आपण त्यांचे नाव परीक्षेत लिहितो, पण ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी घरातील देवधर्म, शाळेतील वाचन, शंका आणि वर्षानुवर्षांची घालमेल सांगितली आहे ती फारसे कोणी वाचत नाही. मुंबईत ते परमहंस सभेत होते. जातिभेद मोडू पाहणारी ही मंडळी गुप्तपणे जमत असे. बंद दाराआड एकत्र खाणे आणि बाहेर येऊन जातीत पूर्ववत वावरणे, असा तो मार्ग होता. बाप्तिस्म्याला मात्र दार उघडावे लागते.

याच अडचणीत चौथ्या शतकातला रोमचा नामवंत वक्तृत्वशिक्षक विक्टोरिनस सापडला होता, असे ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने लिहून ठेवले आहे. मी मनाने ख्रिस्ती झालोच आहे, असे तो सिम्प्लिकियन या मित्राला खाजगीत सांगे, आणि चर्चमध्ये दिसशील तेव्हा मानीन, असे उत्तर मिळाले की, “भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो का?” असे विचारी. अखेरीस तो स्वतःहून गेला. विश्वासाची कबुली हवी तर एकांतात द्या, अशी सवलत त्याला देऊ केली होती. ती नाकारून त्याने सर्वांसमोर उभे राहून कबुली दिली. विक्टोरिनस आणि पदमनजी यांच्यात दीड हजार वर्षांचे अंतर आहे, तरी दोघांनाही शेवटचे पाऊल टाकणे सर्वांत कठीण गेले, असे मला वाटते. लक्ष्मीबाई टिळकांचेही पाहा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी तो त्यांच्यामागोमाग घेतला नाही. स्वतःचे मन वळायला वेळ गेला आणि १९०० साली त्या पाण्यापर्यंत आल्या.

म्हणून आपल्यामार्फत दोन विनंत्या करतो. पहिली आपल्यालाच: ‘अरुणोदय’मधील बेळगावचा भाग आपल्या रविवार पुरवणीत क्रमशः छापावा, म्हणजे पक्ष आणि विपक्ष दोघांनाही एका माणसाचा साक्षीपुरावा समोर ठेवून बोलता येईल. दुसरी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतील चर्चच्या पंचांना: आपल्याकडे जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या असतील, तर वाळवी लागण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि मोडीतील नोंदी असल्यास वाचून देण्याचे काम मी विनामोबदला करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव