अक्का, हे नातवाकडून वाचून घ्या

अक्का,

साष्टांग नमस्कार. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बस की गे, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. तुम्ही मराठी घरच्यासारखं बोलता, पण वाचायची सवय कन्नडची. तेव्हा नातवाला सांगून ठेवलंय की सावकाश वाच, मधलं काही गाळू नकोस. नाव घालू नको म्हणाला होतात, घातलेलं नाही. बेळगावच्या वडगावात अक्का म्हणून हाक मारली तर गल्लीगणिक चार बायका दार उघडतील.

पहिले आभार तुमच्या त्या प्रश्नाचे. वाकळ शिवायची म्हटली की कापडाला हात लावायच्या आधी तुम्ही विचारता, "कुणाला करालीस गे हे?" मी हौशी बाई. रंग आवडला की कापायचं, मोबाइलवर नमुना दिसला की जोडायला घ्यायचं, हा माझा खाक्या. माझ्या टिळकवाडीच्या खोलीत एकाच वेळी पाच-सहा कामं अर्धवट पडलेली असतात आणि त्याबद्दल मला अजूनही फारसं काही वाटत नाही. पण पांघरणारा कोण हे आधी ठरलं की माप, वजन, कापड, टाका सगळं आपोआप ठरत जातं, हे मला कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगितलेलं नव्हतं.

भाच्याच्या बाळाची वाकळ घ्या. मी तिला लेस लावणार होते, मधोमध एक टिकल्यांचा हत्ती. तुम्ही विचारलंत, "पोराच्या गालाला काय लागणार?" मग लेस गेली, टिकल्या गेल्या. जुन्या सुती साडीचे तीनच थर घेतले, कारण आपल्याकडे पाऊस लागला की महिनोन् महिने उघडत नाही आणि जाड वाकळ दोरीवर नुसती कुबट होत राहते. साडी नवी नको, शंभर वेळा धुतलेलीच हवी, ती मऊ पडलेली असते. दोऱ्याला गाठ नाही. सुरुवातीला जागच्या जागी दोन उलटे टाके, आणि दोऱ्याचं शेपूट सुईनं थरांच्या मधे सरकवून द्यायचं. शेवटालाही तसंच. आता ती वाकळ कुठूनही चाचपून बघा, बोटाला काही टोचत नाही.

अनगोळच्या आत्याबाईंचंही तसंच झालं. त्यांना थंडी वाजते म्हणून मी चांगली पाच-सहा थरांची जाडजूड करायच्या विचारात होते. तुम्ही म्हणालात, ती धुणार कोण? भिजलेली वाकळ पिळायची म्हणजे दोन माणसं लागतात, आणि घटस्थापनेच्या आधी घरोघर वाकळा धुवायला निघतात तेव्हा आत्याबाई एकट्याच असणार. मग एका जाडीच्या ऐवजी दोन पातळ केल्या. एकीवर एक घेता येतात, एकेक धुता येते. आत्याबाईंनी फोन करून दुसरी कशाला दिलीस म्हणून मला रागेच भरलं. त्यांना कारण सांगितलं नाही, तुम्हीच कधी भेटलात तर सांगा.

आता टाक्याबद्दल. मशीनवर गोधडी शिवणाऱ्यांना सगळे एकच सांगतात: तिन्ही थर सपाट पसरा, टाचण्या लावा, मधून शिवायला सुरुवात करा आणि कडेकडे जा, म्हणजे चुणी बाहेर ढकलली जाते. ते खरंही आहे. वरचा थर आधीच पूर्ण जोडलेला असेल, तर जास्तीचं कापड कुठेतरी जायला हवं, आणि त्याला कडेशिवाय वाट नसते. तुम्ही मात्र जमिनीवर बसलात, खालची साडी पसरलीत, तिची कड आत दुमडलीत आणि सरळ कोपऱ्यातून सुरुवात केलीत. कोपऱ्यातून कडेकडेनं, पुन्हा वळून आतल्या ओळीत, असं फिरत फिरत मधे. मला वाटलं, आता मधे फुगा येणार. आला नाही. का आला नाही हे मी नंतर स्वतः करताना ओळखलं. तुमच्या कौदीत (वाकळेलाच तुम्ही कन्नडात कौदी म्हणता) वरचा थर आधी जोडलेला नसतोच. एकेक तुकडा ठेवायचा, त्याची कड दुमडायची आणि धावदोरा थेट तळापर्यंत घालायचा. जोडणं आणि शिवणं एकाच टाक्यात होतं. तुकडा जिथे बसतो तिथेच पक्का होतो, मागून ढकलायला जास्तीचं कापड उरतच नाही. सपाट ठेवायची ती फक्त खालची साडी, आणि ती तुमच्या मांडीखाली दाबलेली असते!

हे तुम्ही माहेरी, हल्याळकडे शिकलात, शेजारच्या सिद्दी बायकांकडून. ते सांगताना तुम्ही त्यांचं श्रेय त्यांना दिल्याशिवाय कधी राहिला नाहीत, म्हणून मीही इथे लिहून ठेवते. पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांनी शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि आपल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत त्यांची घरं आहेत. त्यांच्या कौदीच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची तिकोनी फुलं असतात, आणि ती लावल्याशिवाय कौदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. अमेरिकेत त्या कौद्यांची प्रदर्शनं झाली आहेत, तिथल्या अभ्यासकांनी त्यांच्यावर लिहिलंय. बेळगावात राहून मला ते तुमच्या तोंडून कळलं, ही गंमतच म्हणायची.

फुलं मला अजून नीट जमत नाहीत. तीन घड्यांनंतर कापड इतकं जाड होतं की सुई बाहेर ओढायला पक्कड घ्यावीशी वाटते. तुम्ही सुई मेणावरून एकदा फिरवता आणि ती लोण्यात गेल्यासारखी जाते.

सासूबाईंच्या लुगड्याचं मात्र सविस्तर लिहायलाच हवं. ट्रंकेत कितीतरी वर्षं पडून होतं. घरात दोन तट: एक म्हणे कापून सगळ्यांना थोडं थोडं वाटूया, दुसरा म्हणे हात लावू नका. तुम्ही ट्रंकेपाशी बसून आधी तोच प्रश्न विचारलात. मी म्हटलं, यांना. म्हणजे त्यांच्याच मुलाला. मग तुम्ही पन्ह्यावर हात ठेवलात आणि घडी घालून दाखवलीत. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. लांबीत चार पदरी दुमडलं की दोन मीटरचा पट्टा होतो, चार थरांचा, आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याइतकी. एका माणसाच्या पांघरुणाला एवढं पुरतं. कात्री लावायचीच नाही. वर-खाली साध्या सुती साड्यांचं आवरण घालायचं, काठ तेवढे दोन बाजूंनी दिसू द्यायचे, आणि सगळ्यातून आरपार धावदोरा. उद्या कुणाला वाटलंच तर टाके उसवून लुगडं अख्खं काढता येईल. दोन्ही तट गप्प बसले. सहा थरांतून हातानं शिवायचं म्हणजे बोटांची परीक्षा असते. टोपण घालूनही माझ्या मधल्या बोटाला घट्टा पडला. तुम्ही समोरच्या कडेनं शिवत होतात आणि मी इकडून, आणि तुमच्या चार ओळी होईपर्यंत माझी एक व्हायची. यांनी ती वाकळ पांघरायला घेतली त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, त्यांना आवडायचं नाही.

मुलाच्या जुन्या टी-शर्टांची गोधडी बेंगळुरूला पोचली. ते काम सगळं मशीनचं, तुम्ही त्यात पडला नाहीत. होजिअरीचं कापड ताणलं जातं म्हणून मागून पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, चिकटवलं, बोथट टोकाची सुई लावली, झालं. "हे काय कापड हाय की रबर?" एवढाच तुमचा अभिप्राय. तोही मुलाला कळवला.

निपाणीला दिलेल्या भाचीच्या लग्नाच्या चादरीसाठी मात्र तुम्ही नसता तर माझे हात टेकले असते. तिला इरकल आणि खण दोन्ही हवे होते. एका जुन्या इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी, म्हणजे धुतल्यावर दोन्ही सारखे वागतील याची खात्री नाही. तुम्ही विणकराच्या घरातल्या. पदर आणि अंग जिथे जोडलेले असतात, ताण्याच्या फासात फास अडकवून, त्या जोडावर तुम्ही कात्री येऊ दिली नाहीत. चार बोटं सोडून दोन्हीकडून कापायला लावलंत. लाल पदराचा रंग उतरतो का हे बघायला ओलं पांढरं फडकं ठेवून वरून इस्त्री दाबलीत. फडकं गुलाबी झालं. मग एकेक रंग वेगळ्या बादलीत, पाणी नितळ येईपर्यंत. माझी न्हाणीघरातली अवस्था काय झाली ते सोडा, पण चादर पहिल्या धुण्याला टिकली. भाचीनं फोटो पाठवलाय, खणाच्या शेजारचा पांढरा पांढराच राहिलाय.

आणि आता खरं आभाराचं. तुम्ही एकदा, सुई ओवता ओवता, मान वर न करता म्हणालात, "तू असं फुकट वाटालीस, मग माझ्याकडं कोण येणार?" रागानं नाही, सहज. मी त्या रात्री बराच वेळ त्याचा विचार करत होते. माझा फावला वेळ आणि तुमचं पोट हे एकाच सुईच्या नाक्यातून जातंय हे मला कधी दिसलंच नव्हतं. माझ्या भेटी बघून लोक म्हणतात, किती प्रेमानं केलंय. तीच वाकळ तुमच्याकडून घेताना म्हणतात, चिंध्याच तर आहेत, आणि त्याही आम्हीच आणून दिल्यात, मग एवढे कशाचे? एका मोठ्या वाकळेत कितीतरी दिवसांच्या दुपारी जातात, मान आणि डोळे जातात. मशीनवर छापील कापडाची जी गोधडी दुकानात मिळते तिचा भाव कुणी घासत नाही, कारण तिला पिशवी असते आणि पिशवीवर नाव असतं. मागाच्या कापडाचंही हेच झालं. वडगाव-खासबागच्या गल्ल्यांतून यंत्रमाग चालतात, त्यावर किती कष्ट झाले हे साडी नेसणाऱ्याला दिसत नाही. पण निदान साडीला दर असतो. कौदीला दर नाही, नुसती घासाघीस आहे.

माझी हौस मी सोडणार नाही, आणि तुम्हीही तसं कधी म्हणाला नाहीत. पण एक ठरवलंय. भेट द्यायची ती रक्ताच्या आणि जिवाभावाच्या माणसांना. "मलाही एक करून दे की" म्हणणाऱ्या बाकी सगळ्यांना तुमच्याकडे पाठवायचं. तुमच्याकडे शिकण्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मी पुढे केले तेव्हा माझ्याच पर्समध्ये परत कोंबलेत. ठीक आहे, तो हट्ट तुमचा. मग हा माझा.

तर कामाचं. भाचीच्या सासूबाईंनी चादर बघून विचारलंय, अशी मोठी डबल बेडची कितीला पडेल. कापड त्या देणार, जुन्या सुती साड्या आहेत म्हणतात, चारही कोपऱ्यांना फुलं हवी आहेत. मी परस्पर आकडा सांगितलेला नाही, तुमचा नंबर देते म्हटलं. त्या सोमवारी फोन करतील. दर तुम्हीच सांगा, आणि अक्का, पहिल्यांदा तोंडात येईल त्याच्या दुप्पट सांगा. त्या घासाघीस करतील, निपाणीच्या आहेत. तुम्ही फक्त गप्प बसा. शिवणकामाचं तुम्ही मला शिकवलंत, एवढं माझं ऐका.

तुमची,
टिळकवाडीची शिष्या