हात घडायला वर्षं लागतात
महोदय,

माझी मुलगी दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘दातांचीच डॉक्टर ना?’ असं कुणी म्हटलं की जीव तुटतो. परवा रात्री तिने मेणाची वरची दाढ चौथ्यांदा कोरायला घेतली. एक उंचवटा अर्धा मिलिमीटर चुकला होता.

शरीररचना, औषधशास्त्र तिलाही आहेच. हाताचं शिक्षण त्यावर आणखी. वरच्या दाढांवर आरशात बघून काम करायचं, तिथे सगळं उलटं दिसतं. म्हणून आधी पुतळ्याच्या तोंडात महिनोन्‌महिने सराव. दाताचं कवच जाड असतं तिथेही जेमतेम २.५ मिलिमीटर, आणि एकदा कोरलं की परत येत नाही.

दंतवैद्यकाचं पहिलं स्वतंत्र महाविद्यालय अमेरिकेतल्या बाल्टिमोरला निघालं, १८४० साली. त्याआधी ही विद्या बहुतेक उमेदवारीतूनच शिकली जायची. आजही माणसाच्या तोंडात काम केल्याशिवाय ती पुरी होत नाही, पण शिकाऊ डॉक्टर म्हटलं की लोक खुर्चीतून उठतात. माझं रूट कॅनाल मी अशाच एका मुलाकडून करून घेतलं. वेळ दुप्पट लागला. प्रत्येक टप्पा त्याच्या सरांनी तपासला. दाढ ठणठणीत आहे. वाचकांनीही या मुलांसमोर निर्धास्तपणे तोंड उघडावं, ही विनंती.

– एक आई