अझटेकांच्या चॉकलेटात दूध कुठनं आलं?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला चॉकलेटवरचा लेख वाचला, बाकी झकास होता पण अझटेक, म्हणजे जुन्या मेक्सिकोतले, राजे दुधातलं गरमागरम गोड चॉकलेट प्यायचे असं जे ठोकून दिलंय ते वाचून हसूच आलं. अहो तिथं गाईच नव्हत्या! दूध, साखर हे सगळं 1519 ला कोर्तेस हा स्पॅनिश सरदार तिथं उतरला त्यानंतरचं.

त्यांची रीत लई वेगळी. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून, टरफलं काढून पाट्यासारख्या दगडावर वाटायच्या, त्याला मेटाते म्हणतात, मग पाणी, कधी मक्याचं पीठ, वाळकी मिरची, व्हॅनिला, एका झाडाच्या वासाच्या पाकळ्या, रंगाला अचिओतेच्या लाल बिया. गोड हवं असलं तर मध. आणि खरी कसरत पुढंच, उभं राहून एका भांड्यातनं खालच्या भांड्यात उंचावरनं धार सोडायची, परत ओतायचं, परत धार, जाड फेस येईस्तोवर. सगळा मान फेसाला. प्यायचे बहुतेक गारच. सहागून नावाच्या पाद्र्यानं 16व्या शतकात तिथल्याच लोकांना विचारून हे लिहून ठेवलंय, त्यात पाणी आणि मक्याचं पीठ वाढवून पातळ माल विकणारीला नावं पण ठेवलीत!

पीत होते ते सरदार, लढवय्ये, मोठे व्यापारी. गरिबाला कुठनं परवडणार, कोकोच्या बिया म्हणजे बाजारातली चिल्लर होती की. मेक्सिकोतल्याच त्लाश्कालाच्या 1545 च्या भावयादीत टर्कीची मादी 100 बियांना आणि तमाले म्हणजे मक्याचं उकडलेलं मुटकं एका बीला. म्हणजे श्रीमंत लोक अक्षरशः पैसे वाटून पीत होते. मग खोट्या बिया आल्याच, टरफलात राजगिऱ्याचं पीठ नाहीतर मेण भरून. आम्ही सांगलीकर हळदीच्या पेठेतली माणसं, भेसळ म्हटलं की आमचे कान उभे राहतात, म्हणून हे मला फार आवडलं. (आणि ज्या मिरचीवर आपण एवढी मिजास करतो ती पण तिकडनंच पोर्तुगीजांनी आणलेली, हे लेखात असायला पाहिजे होतं.)

लेखासोबत छापलेली ती लाकडी रवी पण स्पॅनिश काळातली आहे, अझटेकांची नाही. पोरं पुरवणीतली कात्रणं प्रोजेक्टच्या वहीत चिकटवतात, तेव्हा येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती तेवढी छापा.

आपला एक वाचक,
विश्रामबाग, सांगली