केळफूल ‘साफ करून घ्यावे’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात केळफुले दिसतात, पण घेणारे कमी. भाजी काळी पडते, तुरट लागते, ही नेहमीची तक्रार. त्यात केळफुलाचा दोष नाही. पाककृतीत ‘केळफूल साफ करून चिरून घ्यावे’ एवढेच छापतात, आणि सगळे काम त्या एका ओळीत दडलेले असते.

केळफूल हाताला जड लागणारे, घट्ट मिटलेले घ्यावे. देठाचा काप ओलसर हवा. सुकून काळा पडला असेल तर माल शिळा. वरच्या पाकळ्या सोलल्या की जुने केळफूलही तजेलदार दिसते, म्हणून आधी देठ बघावा. घरी आणल्यावर न धुता, न चिरता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले तर दोन-तीन दिवस टिकते.

निवडायला बसताना हाताला आणि विळीला तेल लावावे, अंगावर जुना कपडा असावा. चिकाचे डाग धुऊन जात नाहीत. पाकळी सोलली की खाली फुलांची फणी निघते. फणीची टोके तळहातावर चोळली की फुले उघडतात. प्रत्येक फुलात टोकाला गाठ असलेली एक ताठ काडी आणि बुडाशी छोटा पारदर्शक पापुद्रा असतो. दोन्ही काढायचेच. काडी कितीही शिजवा, दाताखाली येतेच. कंटाळा येतो तो इथे आणि भाजी बिघडते तीही इथेच. आत जावे तशी काडी कोवळी होत जाते; पाकळ्या पांढुरक्या लागल्या की पुढचा गाभा सगळाच चिरावा.

चिरलेले लगेच ताकाच्या पाण्यात टाकावे: एक लिटर पाण्याला अर्धी वाटी आंबट ताक आणि चमचाभर मीठ. हवा लागली की चिरलेला भाग काळा पडतो. ताकाच्या आंबटपणाने ते बरेच थांबते आणि तुरटपणा पाण्यात उतरतो. सगळे चिरून होईपर्यंत परातीत ढीग करून ठेवू नये. वर तरंगणारे काळे होते, म्हणून ताटली दाबून ठेवावी. रात्रभर भिजले की सकाळी घट्ट पिळावे, ताज्या पाण्यात मीठ घालून कुकरला दोन शिट्ट्या द्याव्यात आणि तेही पाणी ओतून टाकावे.

एका केळफुलाला अर्धी वाटी काळे वाटाणे पुरतात. आठ तास भिजवून वेगळे, अगदी मऊ शिजवावेत. मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत केळफूल आणि वाटाणे परतून गोडा मसाला, गूळ, मीठ घालावे, वरून ओले खोबरे. आमसुले शेवटी. वाटाणे कच्चे असताना आंबट पडले तर ते पुढे मऊ होत नाहीत.

यापुढे केळफुलाची कृती छापताना काडीचा आणि भिजवण्याच्या वेळेचा उल्लेख जरूर असावा, ही विनंती.

आपली एक वाचक,
पंचवटी, नाशिक