तापातून उठल्या उठल्या थायरॉइडची टेस्ट कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

व्हायरलची साथ आली की तुमच्या पेपरात डेंग्यूचे आकडे येतात, पाणी उकळून प्या, डबकी साफ करा हे येतं, ते बरोबरच आहे, पण ताप गेल्यावर पुढचे दोन-तीन महिने शरीरात काय उलथापालथ चालते यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी कराडला एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण रिपोर्ट रोज हाताखालून जातात त्यामुळे जे दिसतं ते सांगतो.

सध्या झालंय असं की ताप उतरला पण अंगात जोर नाही, की लोक लगेच फुल बॉडी चेकअपचं पॅकेज करून घेतात. त्यात थायरॉइड असतंच. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं मेंदूखालच्या ग्रंथीचं हार्मोन) 7 नाहीतर 8, म्हणजे नॉर्मलपेक्षा थोडा वर येतो, रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला, मग फॅमिली ग्रुपवर फोटो जातो, कोणीतरी आत्या सांगते मला पण थायरॉइडची 50 ची गोळी चालू आहे, आणि बघता बघता यांचीही सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू. ती मग कोणी बंद करत नाही, कारण गोळी चालू असताना रिपोर्ट नॉर्मलच येतो ना!

खरं काय आहे, तर मोठ्या आजारात शरीर स्वतःच थायरॉइडचं काम हळू करतं. थायरॉइडची दोन हार्मोन्स आहेत, टी-4 आणि जास्त काम करणारं टी-3; आजारात टी-4 चं टी-3 बनायचं कमी होतं, आधी टी-3 खाली येतो, टीएसएच पण थोडा खाली जाऊ शकतो, आणि माणूस बरा व्हायला लागला की टीएसएच उलट वर उसळी मारतो, कधी कधी 20 च्या जवळपास सुद्धा, आणि काही आठवड्यात आपोआप जागेवर येतो. म्हणजे तो आकडा थायरॉइडच्या आजाराचा असेलच असं नाही, बरं होण्याचाही असू शकतो. फक्त थायरॉइडच नाही, तापात कॉर्टिसॉल (शरीरावर ताण आला की वाढणारं हार्मोन) वाढतं, त्याच्यामुळे शुगर वाढते, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन खाली येतं. तापातली शुगर बघून घाबरू नका, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) करा. मात्र लहान मूल सारखं पाणी पितंय, रात्री अंथरूण ओलं करतंय, वजन उतरतंय असं असेल तर त्याच दिवशी शुगर बघाच, तिथे थांबायचं नाही, टाइप 1 डायबेटिसशी काही एन्टेरोव्हायरसचा (पोटातून पसरणाऱ्या व्हायरसांचा एक गट) संबंध अभ्यासात दिसलेला आहे.

आता दुसरी बाजू. काही जणांना व्हायरलनंतर थायरॉइडला खरोखर सूज येते. हा प्रकार नवा नाही, स्वित्झर्लंडचे सर्जन डी क्वेरवेन यांनी 1904 मध्येच याचं वर्णन केलंय, 2020 मध्ये इटलीच्या पिसामधल्या डॉक्टरांनी कोविडनंतरची पहिली केस छापली तेव्हा परत चर्चा झाली. बायकांना जास्त होतो, साधारण तिशी ते पन्नाशीत. गळ्याच्या पुढे खालच्या बाजूला दुखतं, हात लावू देत नाही, कळ जबड्यात आणि कानात जाते, बारीक ताप, छातीत धडधड. माझ्या वहिनीला हेच झालं, आधी घसा म्हणून अँटिबायोटिक, मग दाढ म्हणून दाताच्या डॉक्टरकडे, मग कानाचे ड्रॉप, आणि शेवटी ईएसआर (अंगात कुठे सूज आहे का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) केला तर शंभरच्या वर. साध्या स्वस्त टेस्टने दिशा मिळाली, पण पॅकेजवाले ती पुढे करत नाहीत कारण तिच्यात पैसा नाही.

या सुजेत टी-4 वाढलेला आणि टीएसएच एकदम कमी दिसतो, म्हणून काही ठिकाणी लगेच कार्बिमाझोल (थायरॉइडचं हार्मोन बनणं कमी करणारी गोळी) लिहून देतात. आता आपल्या भागातल्या माणसाला समजेल असं सांगतो: इथे कारखाना जास्त चालत नाहीये, गोदामाची भिंत फुटून आधीची साखर रस्त्यावर आलीय, म्हणजे थायरॉइडमध्ये साठलेलं हार्मोन रक्तात सांडलंय, मग कारखान्याला कुलूप लावून काय होणार? त्या गोळीचा इथे उपयोग नाही. दुखण्यासाठी वेदनाशामक, फारच असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइड देतात, धडधडीला वेगळी गोळी. साठा संपला की काही आठवडे थायरॉइड उलट कमी पडतं, आणि बहुतेकांचं वर्षभरात ठीक होतं. थोड्या लोकांना मात्र कायमची गोळी लागते, म्हणून तपासणी सोडायची नाही.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. डेंग्यू किंवा कोविडनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, मग लोक बायोटिनच्या (केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका व्हिटॅमिनच्या) गोळ्या घेतात, आणि मोठ्या डोसचं बायोटिन काही मशीनच्या किटमध्ये टीएसएच खोटा कमी आणि टी-4 खोटा जास्त दाखवतं. थायरॉइड बिघडलेलंच नाही तरी बिघडल्यासारखं! सॅम्पल घेताना हे विचारलं पाहिजे, पण सकाळी गर्दीत कोण विचारतंय. टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवली तर हा घोळ सहसा होत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ताप, अ‍ॅडमिट होणं, कोविड, काही झालं असेल तर टीएसएच थोडाफार वर-खाली दिसला म्हणून घाई नको, सहा ते आठ आठवड्यांनी परत करा आणि तेव्हा ठरवा. गरोदर बायका, धडधड वाढलेले, गळा दुखणारे, यांनी थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. ज्यांची गोळी आधीपासून पक्क्या निदानावर चालू आहे त्यांनी हे वाचून बंद करायची नाही, आणि दम्याला किंवा सांध्यांना रोज स्टिरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तापात तर ती अजिबात सोडायची नाही, त्यांचं शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल पुरेसं बनवत नसतं, जीवावर बेतू शकतं.

लॅबवाल्यांनी फॉर्मवर "गेल्या दोन महिन्यांत ताप/आजार? कोणत्या गोळ्या?" असा एक रकाना टाकला तरी निम्मं काम होईल. आमच्या इथे मी सुचवून बघितलं, फॉर्म छापून झालेत, संपल्यावर बघू असं उत्तर आलं. तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या आजारांच्या) डॉक्टरांकडून यावर सविस्तर लिहून घ्या, माझ्यापेक्षा नीट सांगतील.

आणि हो, पॅकेजबद्दल जे लिहिलंय ते आमच्या मालकांना आवडणार नाही, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.

— एक लॅब टेक्निशियन, कराड